आकाशमार्गी सेनापती : जनरल ऑर्ड विंगेट

सागवान म्हणजे काय, हे वऱ्हाडातील विद्यार्थ्यांस सांगावयास नको. मेळघाटचे अरण्य आपल्या भागाचे भूषण आहे, आणि परतवाड्यास गेलेल्या मनुष्याने तेथे रचून ठेवलेले सागाचे ओंडके पाहिले नाहीत, असे सहसा होत नाही. ते पाहून कोणाच्या मनात भय उत्पन्न होत नाही. परंतु दिनांक ५ मार्च १९४४ रोजी, रविवारी सायंकाळी, आसामातील लालाघाटच्या विमानतळावर एक सेनापती हातात छायाचित्र घेऊन उभा होता. ब्रह्मदेशातील ज्या मैदानावर त्याचे सैनिक त्याच रात्री आकाशातून उतरावयाचे होते, ते मैदान सागाच्या ओंडक्यांनी भरून गेलेले त्या छायाचित्रात दिसत होते. विमाने सज्ज होती, माणसे आत बसण्याच्या तयारीत होती, आणि निघण्याची वेळ अगदी जवळ आली होती. शत्रूस आपला बेत कळला की काय? सैन्य पाठवावे की थांबवावे? या प्रश्नाच्या उत्तरावर शेकडो माणसांचे प्राण अवलंबून होते. त्या सेनापतीचे नाव मेजर जनरल ऑर्ड चार्ल्स विंगेट. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी वाचावे असे आहे. ते सर्वस्वी निर्दोष होते म्हणून नव्हे, तर दुसऱ्यांस संकटात पाठविणाऱ्या मनुष्यावर कोणते ऋण चढते, हे त्यांच्या आयुष्यावरून स्पष्ट दिसते म्हणून.

विंगेट यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९०३ रोजी आपल्याच देशात, नैनिताल येथे झाला. वडील कर्नल जॉर्ज विंगेट हे हिंदुस्थानातील सैन्यात अधिकारी होते. आईवडील दोघेही प्लिमथ ब्रदरेन या कडक आचाराच्या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते. घरात सात मुले. पवित्र शास्त्राचे पाठ, प्रार्थना आणि काटकसर यांत मुलांचा दिवस जाई, आणि रविवारी तर खेळणेही वर्ज्य असे. या शिस्तीत लहानगा ऑर्ड काहीसा एकलकोंडा झाला. परंतु बायबलातील वीरांच्या कथा त्याच्या मनावर अशा कोरल्या गेल्या की, पुढे रणांगणावरही तो त्यांच्याच भाषेत विचार करी. इंग्लंडमध्ये चार्टरहाऊस शाळेत त्याचे शिक्षण झाले. तेथे तो ना खेळात चमकला, ना अभ्यासात.

१९२१ साली विंगेट वुलिच येथील लष्करी विद्यालयात दाखल झाले. तेथे एक रानटी प्रथा होती. वरच्या वर्गातील विद्यार्थी दोन रांगांत उभे राहत. अपराधी ठरविलेल्या मुलाने त्यांच्यामधून धावत जावयाचे, आणि प्रत्येकाने त्यास गाठ मारलेल्या ओल्या टॉवेलाने झोडपावयाचे. शेवटी त्यास थंड पाण्याच्या टाक्यात ढकलून द्यावयाचे. विंगेट यांच्यावर ही पाळी आली, तेव्हा ते धावले नाहीत. रांगेतील पहिल्या मुलासमोर ते थांबले, त्याच्या डोळ्यास डोळा भिडविला आणि मारण्याचे आव्हान दिले. त्या मुलाचा हात उचलेना. मग दुसऱ्यासमोर, मग तिसऱ्यासमोर, अशा रीतीने ते शांतपणे चालत रांगेच्या टोकास पोहोचले आणि आपण होऊन पाण्यात उडी मारली. भय हे दुसऱ्याच्या हातातील शस्त्रात नसते, आपल्या मनात असते, हा धडा त्यांनी त्या दिवशी घेतला असावा.

१९२३ साली ते तोफखान्यात अधिकारी झाले. १९२८ ते १९३३ पर्यंत त्यांनी सुदानात नोकरी केली. तेथे अरबी भाषेचा त्यांना चांगला उपयोग झाला, आणि थोड्या माणसांनी ओसाड मुलखात दिवसच्या दिवस कसे काढावे याचा अनुभव मिळाला. १९३५ साली लोर्ना पॅटरसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३६ साली त्यांची नेमणूक पॅलेस्टाइनमध्ये झाली. तेथे १९३८ साली त्यांनी ज्यू व इंग्रज तरुणांची रात्री हल्ले करणारी पथके उभारली. या कामात त्यांना जखमा झाल्या आणि मानाचे पदकही मिळाले. मात्र या पथकांनी कित्येक अरब खेड्यांतील सामान्य लोकांसही कठोर शासन केले, ही गोष्ट चरित्रलेखकाने लपवू नये. ज्या हातून शौर्य घडते, त्याच हातून अन्यायही घडू शकतो.

१९४१ साली इटलीच्या ताब्यातील अ‍ॅबिसिनिया सोडविण्याची कामगिरी विंगेट यांच्याकडे आली. तेथील बादशहा हैले सेलासी पाच वर्षे परागंदा होते. विंगेट यांनी आपल्या लहानशा सेनेस गिडियन हे नाव दिले. ज्यांनी शास्त्रपाठ ऐकला आहे, त्यांस गिडियनची कथा आठवेल. हजारोंच्या सैन्यातून केवळ तीनशे माणसे निवडून त्याने मिद्यानी लोकांचा पराभव केला होता. विंगेट यांच्या सेनेचे हजारो उंट वाटेतच मेले. तरीही आपल्याहून कितीतरी मोठ्या इटालियन सैन्यास त्यांनी हुलकावण्या देऊन शरण आणले. ५ मे १९४१ रोजी बादशहांनी आपल्या राजधानीत पुनः प्रवेश केला, तेव्हा विंगेट पांढऱ्या घोड्यावर बसून पुढे चालले होते.

या विजयानंतर लौकरच त्यांच्यावर अंधाराचे दिवस आले. कैरो येथे मलेरियाच्या ज्वराने व घोर निराशेने ग्रासलेल्या विंगेट यांनी आपल्याच जिवास अपाय करून घेतला. शेजारच्या खोलीतील अधिकाऱ्याने चाहूल लागताच धाव घेतली, म्हणून ते वाचले. हा प्रसंग सांगावयाचे कारण इतकेच की, मनाचे दुखणे हेही दुखणेच आहे. त्यातून मनुष्य उठतो, वेळीच कोणाचा तरी हात मिळाला पाहिजे.

१९४२ च्या आरंभी जपानी सैन्याने ब्रह्मदेश व्यापला, आणि जनरल वेव्हेल यांनी विंगेट यांस हिंदुस्थानात बोलाविले. येथे त्यांच्या चरित्राचा आपल्या प्रांताशी संबंध येतो. शत्रूच्या मुलखात खोल शिरावयाचे, रसद विमानातून घ्यावयाची आणि शत्रूच्या रेल्वे व पूल तोडावयाचे, अशी त्यांची योजना होती. या कामासाठी सत्त्याहत्तरावी हिंदी ब्रिगेड त्यांच्या हाती देण्यात आली, आणि तिचे शिक्षण सागर जिल्ह्याच्या रानात झाले. त्या वेळी सागर आणि अमरावती, अकोला हे जिल्हे मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते व नागपूर ही राजधानी होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे आष्टी, चिमूर व यावली येथे स्वातंत्र्यासाठी लोकांनी रक्त सांडले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एकाच प्रांतात, एकाच पावसाळ्यात, एकीकडे इंग्रजी साम्राज्याचे सैन्य जपानशी लढावयाची तयारी करीत होते, आणि दुसरीकडे आपले लोक त्याच साम्राज्याशी झगडत होते. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो.

सागरच्या रानात लिव्हरपूलचे इंग्रज, गुरखे आणि ब्रह्मी सैनिक एकत्र आले. विंगेट यांनी त्यांना विश्रांती अशी दिलीच नाही. पाठीवर जड ओझे घेऊन चालणे, चिखलात झोपणे, खेचरे नदीपार नेणे, बिनतारी यंत्राने विमानांस ठिकाण कळविणे, हे सर्व त्यांना शिकावे लागले. पावसाळ्यात छावणीत पाणी शिरले, आणि पुष्कळ जण आजारी पडले. विंगेट स्वतः दाढी वाढवून, डोक्यावर जुनी टोपी घालून फिरत आणि कच्चे कांदे आवडीने खात. काही लोक त्यांना विक्षिप्त म्हणत. परंतु जे काम ते शिपायास सांगत, ते स्वतः केल्यावाचून राहत नसत. ब्रह्मी देवळांच्या द्वारी चिंथे नावाचा सिंहासारखा प्राणी रक्षक म्हणून कोरलेला असतो. त्यावरून या सैनिकांस चिंडिट हे नाव पडले.

फेब्रुवारी १९४३ मध्ये सुमारे ३,००० चिंडिट चिंदविन नदी उतरून शत्रूच्या मुलखात शिरले. त्यांनी रेल्वेमार्ग अनेक ठिकाणी उखडला आणि ते इरावतीपलीकडे गेले. परंतु परतीची वाट फार बिकट निघाली. अन्न संपले, खेचरे मारून खावी लागली, आणि ज्यांस चालवेना त्यांना कोठे तरी ठेवून पुढे जावे लागले. कोणास खेड्यातील लोकांच्या हवाली केले, कोणास झाडाखाली. सुमारे २,२०० माणसे परत आली, आणि त्यांतीलही कित्येक पुनः लढण्याच्या कामाची राहिली नाहीत. आठशेंच्या वर माणसे परतली नाहीत. मागे ठेवलेल्या जखमी सोबत्यांची आठवण परत आलेल्यांस अखेरपर्यंत सोडीना.

त्याच मोहिमेत एक लहानशी घटना घडली. एप्रिलच्या अखेरीस अरण्यात अडकलेल्या एका तुकडीस एक मोकळी जागा सापडली. सैनिकांनी हवाई छत्र्यांचे कापड अंथरून, येथे विमान उतरवा, अशा अर्थाची मोठी अक्षरे जमिनीवर मांडली. २८ एप्रिल १९४३ रोजी मायकेल व्लास्टो नावाच्या तरुण वैमानिकाने आपले डाकोटा विमान त्या आखूड जागेत उतरविले, सतरा आजारी व जखमी सैनिक आत घेतले, आणि काही मिनिटांत झाडांच्या शेंड्यांवरून ते पुनः आकाशात चढविले. जे सैनिक आठवड्यांच्या वाटचालीत मेले असते, ते थोड्याच वेळात हिंदुस्थानात पोहोचले. पुढच्या वर्षी सर्व मोहीमच विमानांवर उभी राहिली, तिचे बीज या घटनेत दिसते. जे विमान अन्न टाकू शकते, ते उतरूही शकते. आणि जे उतरू शकते, ते जखमी माणसास परत आणू शकते.

ऑगस्ट १९४३ मध्ये पंतप्रधान चर्चिल यांनी विंगेट यांस आपल्यासोबत कॅनडातील क्वेबेक येथील परिषदेस नेले. तेथे त्यांनी अमेरिकेच्या अधिकाऱ्यांपुढे जी मागणी मांडली, तिच्यात जखमींस उचलून आणणाऱ्या लहान विमानांस महत्त्वाचे स्थान होते. अमेरिकेने मागितल्याहून अधिक दिले. मालवाहू डाकोटा, लढाऊ व बॉम्बफेकी विमाने, ग्लायडर आणि सुमारे शंभर लहान विमाने यांचे एक स्वतंत्र दल कर्नल फिलिप कॉक्रन यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानात आले. परतीच्या प्रवासात मात्र विंगेट यांनी तहानेच्या भरात एका विमानतळावरील फुलदाणीतील पाणी पिऊन टाकले, आणि विषमज्वराने ते दिल्लीत कित्येक आठवडे अंथरुणास खिळले. सेनापतीने केलेल्या क्षणाच्या अविचारासही रोग क्षमा करीत नाही.

ग्लायडर म्हणजे यंत्र नसलेले विमान. त्यास दुसऱ्या विमानाने दोरखंडाने ओढून न्यावे लागते, आणि दोर सुटला की ते घारीसारखे तरंगत खाली येते. एकदा दोर सुटला की माघारी फिरणे नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये सरावाच्या वेळी एक ग्लायडर कोसळले आणि त्यातील इंग्रज व अमेरिकन असे सात जण मेले. त्या इंग्रज सैनिकांच्या तुकडीने दुसऱ्याच दिवशी अमेरिकन वैमानिकांस कळविले की, तुमच्याबरोबर कोठेही व केव्हाही उडावयास आम्ही तयार आहोत. अपघातानंतर दुसऱ्यास दोष देणे सोपे असते. विश्वास ठेवणे कठीण असते.

आता आपण पुनः ५ मार्चच्या त्या सायंकाळी लालाघाटास जाऊ. उतरण्यासाठी दोन मैदाने ठरली होती. न्यूयॉर्क व लंडन येथील रस्त्यांवरून त्यांना ब्रॉडवे व पिकॅडिली अशी नावे दिली होती. आणखी एका मैदानास तर कलकत्त्याच्या चौरंगीचे नाव होते. छायाचित्रात ओंडके दिसले ते पिकॅडिलीवर. विंगेट प्रथम अत्यंत अस्वस्थ झाले. आपल्या माणसांस मृत्यूच्या तोंडी पाठविण्याची शंका त्यांच्या मनात आली. वरिष्ठ सेनापती जनरल स्लिम तेथे हजर होते. ज्यांस प्रत्यक्ष उतरावयाचे होते, ते ब्रिगेडियर कॅल्व्हर्ट सर्व ग्लायडर एकट्या ब्रॉडवेवर नेण्यास सिद्ध झाले. अखेर स्लिम यांनी जाण्याचा निर्णय दिला. ते ओंडके शत्रूने टाकलेले नव्हते, लाकूडतोड्यांनी वाळण्यासाठी पसरले होते, हे मागाहून समजले. परंतु त्या क्षणी ते कोणास ठाऊक होते?

अंधार पडता पडता विमाने निघाली. एकेक डाकोटा दोन दोन ग्लायडर ओढीत होते, आणि ग्लायडरांत ठरल्याहून अधिक भार चढला होता. वाटेत उंच डोंगर होते. कित्येक दोर आकाशातच तुटले. काही ग्लायडर आसामात उतरले, काही शत्रूच्या मुलखात पडले. ब्रॉडवेवर पोहोचलेल्यांचेही हाल झाले. पूर्वी सागाची लाकडे ओढून नेल्यामुळे तेथील जमिनीत खोल चर पडले होते आणि वर वाढलेल्या गवताने ते झाकले गेले होते. पहिल्या ग्लायडरांची चाके त्या चरांत मोडली, आणि मागून येणारे ग्लायडर काळोखात त्यांवर आदळले. साठाहून अधिक निघालेल्या ग्लायडरांपैकी निम्म्याच्या आसपास ब्रॉडवेस पोहोचले. सुमारे तीस माणसे मेली, आणि तितक्याच संख्येने जखमी झाली.

संदेशासाठी दोन सांकेतिक शब्द ठरले होते. सैनिकांस न आवडणाऱ्या सोया लिंक या खाद्याचे नाव आले तर संकट समजावयाचे; पोर्क सॉसेज हे नाव आले तर यश. रात्री सोया लिंक हा शब्द आला आणि लालाघाटास शोककळा पसरली. विंगेट यांनी ती रात्र कशी काढली असेल याची कल्पनाच करावी. ज्या मनुष्यास बालपणी रविवारी खेळावयास बंदी होती, त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा डाव त्या रविवारी पणास लागला होता. परंतु सकाळी दुसरा शब्द आला. मेलेल्यांस मूठमाती देऊन, जखमींची शुश्रूषा करीत, वाचलेले लोक कामास लागले होते. लहान बुलडोझर, फावडी व कुदळी यांनी त्यांनी दिवसभरात धावपट्टी तयार केली, आणि त्याच रात्री डाकोटा विमाने तेथे उतरू लागली. परत जाताना त्यांनी जखमींस सोबत नेले. ११ मार्चपर्यंत सुमारे ९,००० सैनिक आणि हजारांहून अधिक खेचरे व घोडे शत्रूच्या पिछाडीस उतरली. भलतीकडे पडलेल्या ग्लायडरांमुळे जपानी सैन्यही संभ्रमात पडले. अशा रीतीने जे वाट चुकून हरवले, त्यांचाही बाकीच्यांस उपयोग झाला.

यानंतर विंगेट यांस केवळ काही दिवसांचेच आयुष्य उरले होते. जपानी सैन्य मणिपुरात शिरले होते. सांगशाक येथे पन्नासावी हिंदी छत्रीधारी ब्रिगेड, आणि तिच्या जोडीस पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण, वेढ्यात सापडून निकराने लढत होती. त्यांच्यासाठी विमानांतून टाकलेले बरेचसे सामान शत्रूच्या हद्दीत पडत होते. ही लढाई ऐन रंगात असताना, २४ मार्च १९४४ रोजी, विंगेट ब्रह्मदेशातील आपल्या ठाण्यांस भेटून इंफाळास परतले आणि तेथून लालाघाटास जाण्यासाठी एका अमेरिकन मिचेल विमानात बसले. ते विमान मणिपुरात बिष्णुपूरजवळील डोंगरावर आदळले. अपघाताचे कारण निश्चित ठरले नाही. विंगेट, त्यांचे साहाय्यक अधिकारी, दोन इंग्रज वार्ताहर आणि विमान चालविणारे अमेरिकन तरुण, सर्वजण जागच्या जागी गेले. अवशेषांत त्यांची जुनी टोपी सापडली. वयाची नुकतीच एक्केचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. सात आठवड्यांनी त्यांच्या पुत्राचा जन्म झाला. त्याने पित्याचे मुख पाहिले नाही.

चिंडिट त्यानंतरही पाच महिने लढत राहिले. लहान विमाने अरण्यातील लहानशा पट्ट्यांवर उतरून जखमींस उचलून आणीत राहिली. एप्रिल १९४४ च्या अखेरीस त्याच अमेरिकन दलाच्या हेलिकॉप्टरने चार माणसांस शत्रूच्या मुलखातून सोडविले. युद्धात हेलिकॉप्टरने माणसे वाचविल्याचा तो पहिला प्रसंग मानतात. आज पुरात किंवा भूकंपात अडकलेल्या लोकांस हेलिकॉप्टर उचलून नेताना आपण पाहतो, तेव्हा त्या अरण्यातील जखमी शिपायांची आठवण व्हावी.

विंगेट यांच्या युद्धपद्धतीविषयी आजही मतभेद आहेत. इतक्या प्राणहानीच्या मानाने लाभ थोडा झाला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि, १९४३ साली ज्यांच्या जखमी माणसांस झाडाखाली सोडून यावे लागले, त्याच सेनापतीने १९४४ साली जखमींसाठी आकाशातून वाट काढली, ही गोष्ट विसरता येत नाही. चूक प्रत्येकाकडून होते. परंतु त्या चुकीची किंमत ज्यांनी दिली त्यांचे ऋण मानून तिचा पुढचा फेरा टाळणे, हे थोड्यांसच साधते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. विमानातील मृतांचे अवशेष इतके मिसळून गेले होते की, कोणाचे कोणते ते ओळखणे शक्य झाले नाही. प्रथम त्यांना अपघाताच्या जागी पुरले, १९४७ साली इंफाळ येथे आणले, आणि त्यांत अमेरिकन अधिक असल्यामुळे १९५० साली अमेरिकेतील आर्लिंग्टन येथील दफनभूमीत नेले. नैनितालास जन्मलेला हा इंग्रज सेनापती सातासमुद्रापलीकडे परक्या भूमीत विसावला आहे. त्याची वेगळी समाधी नाही. ज्या तरुण वैमानिकांनी त्याचे विमान चालविले आणि जे त्याच्यासोबत मेले, त्यांच्या नावांशेजारी, त्याच एका दगडावर, त्याचेही नाव कोरलेले आहे.